उचल, ढकल, लाथ

माझा राग नाकावर असतो, असं घरचे म्हणतात. असू दे. नाक माझं आहे, रागही माझा आहे. आणि त्या आठवड्यात मला जे कळलं ते ऐकून ज्याला राग येणार नाही, त्याने एकदा स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

मी पार्लरमध्ये केस कापते. तिथेच ओल्या फरशीवर घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. हात प्लास्टरमध्ये गेला, कात्री बंद झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "जा चार दिवस आईकडे, नाहीतर इथे मला चावशील." म्हणून माहेरी गेले. आमचं माहेरचं घर बैठं, एका अरुंद गल्लीत. बाबा गेल्यापासून राहणारी माणसं दोनच. एक आई, जिने उभं आयुष्य इस्पितळात सिस्टर म्हणून काढलं. दुसरा माझा मोठा भाऊ, दादा. दादा लिफ्टा दुरुस्त करतो. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की याला फोन येतो आणि हा जेवणाच्या ताटावरून उठून धावतो. त्याबद्दल त्याला कंपनीने एकदा घड्याळही दिलं होतं.

मी बेल वाजवली. आतून आईचा आवाज आला, "आले गं!" लगेच दादाचा, "तू थांब, तुला नाही जमायचं." मग दार हादरलं, खालून फरशी खरवडल्याचा आवाज आला, आणि दोन धक्क्यांनंतर दादा हसत समोर उभा राहिला. जसं काही त्याने किल्लाच सर केला होता.

या दाराबद्दल सांगायला हवं. ते बाहेरून उघडायचं तर मूठ वर उचलायची, खांद्याने ढकलायचं आणि खालच्या कोपऱ्यावर लाथ मारायची. उचल, ढकल, लाथ. आतून उघडणं त्याहून अवघड. दोन्ही हातांनी मूठ वर खेचायची, एक पाय भिंतीला लावायचा आणि सगळा भार मागे टाकायचा. इतर घरांत मुलांना बुटाची नाडी बांधायला शिकवतात, आमच्या घरात हे शिकवायचे. पाहुणा आला की त्याला मुद्दाम एकट्याने दार उघडू द्यायचं आणि आत बसून मजा बघायची, ही आमच्या घरची रीत. माझा नवरा पहिल्यांदा आला तेव्हा दाराशी झगडून घामाघूम झाला होता आणि बाबा हसून हसून खुर्चीवरून खाली आले होते. "आमच्या दाराला माणसं कळतात," असं दादा अजूनही कौतुकाने सांगतो.

माणसं कळतात म्हणे! खालची फळी भिजून भिजून भुसा झाली होती. वरची बिजागरी चौकटीतून अर्धी बाहेर लोंबत होती. एका कडेला इतकी फट की गल्लीतून कोण गेलं ते दिसावं, आणि दुसऱ्या कडेला इतकं घट्ट की कागद जाऊ नये. दार बदलायचं कधी, असं कोणी विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं. "उघडतंय ना? मग?"

आत गेले, आईकडे बघितलं आणि मला पहिला धक्का बसला. धंद्याची सवय, मी माणसाचे आधी केस बघते. आईने कानाखाली केस कधी वाढू दिले नाहीत, वॉर्डातली शिस्त. आता ते मानेवर आले होते, आणि टोकं तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच कापली होती. एक बाजू वर, एक बाजू खाली.

"हे काय करून घेतलंस? कोपऱ्यावरच्या बाईकडे जात नाहीस का आता?"

"नाही जावंसं वाटत गं बाहेर," आई म्हणाली.

"वय झालंय तिचं," दादा म्हणाला. "मी आणतो ना सगळं घरात. तिला काही कमी नाही."

मला हे पटेना. माझी आई घरात बसणाऱ्यातली नाही. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी समोरच्या टायपिस्टकाकूंना उठवून बागेपर्यंत चालायला न्यायची. काकू कोर्टात टायपिंग करायच्या, बोलायच्याही तशाच, भराभरा आणि न थांबता. म्हणून आईने त्यांचं नाव टकटक ठेवलं होतं. दोघी चालायला निघाल्या की आधी त्यांचं भांडण ऐकू यायचं, मग त्या दिसायच्या.

"टकटक काय म्हणते?" मी विचारलं.

आईने हातातला पेला खाली ठेवला. "तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरी आणलंय आता."

"अगं, फोनवर बोलली नाहीस ते! भेटून आलीस?"

"जाईन," असं म्हणून ती आत गेली. गल्ली ओलांडली की काकूंचं घर. आणि ही म्हणते, जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर गेला. जाताना त्याने दार बाहेरून असं काही ओढून घेतलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. थोड्या वेळाने मला औषधाच्या दुकानात जायचं होतं. पायात चप्पल घातली, डाव्या हाताने मूठ खेचली. दार ढिम्म. पाय भिंतीला लावून खेचली. खांदा भरून आला, दार ढिम्म.

"आई, जरा हात लाव गं."

आई आली. तिने मूठ धरली आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या अंगठ्यांकडे नीट बघितलं. बुडाशी सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. मूठ तिच्या हातात बसतच नव्हती. मी डाव्या हाताने ओढलं, तिने माझ्या कमरेला धरून मागे ओढलं. कोणी बघितलं असतं तर दोन बायका रस्सीखेच खेळतायत असं वाटलं असतं. मला हसू फुटलं. आईला फुटलं नाही. ती माझी कमर सोडून शांतपणे खुर्चीत जाऊन बसली.

"असू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी येतो तो."

ती ज्या सहजपणाने हे बोलली, त्याने माझं हसू जागच्या जागी थिजलं.

"आई, तू रोज अशीच बसतेस?"

ती अंगठा चोळत राहिली.

"सकाळी तो गेल्यापासून संध्याकाळी तो येईपर्यंत तुला या घरातून बाहेर पडता येत नाही?"

"ओरडू नकोस."

मागचं दार आमच्या घराला नाही. खिडक्यांना लोखंडी गज. मी त्या खोलीकडे बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्यांनी ज्याचं कौतुक करून करून पाहुण्यांना हसवलं, त्या दाराने माझ्या आईला कोंडून ठेवलं होतं. आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं तिचं.

मी दादाला फोन लावला. मागे ठोकाठोक चालली होती आणि कोणीतरी लहान मूल रडत होतं.

"पटकन बोल, दोन माणसं अडकलीत लिफ्टमध्ये," तो म्हणाला.

"इथेही दोन माणसं अडकलीत! दार उघडत नाहीये."

"अगं, विसरलीस का? वर खेच, पाय लाव..."

"एका हाताने?"

"मग आईला घे मदतीला."

"आईचे अंगठे बघितलेस कधी?"

त्याने तिकडे कोणाला तरी 'आलोच' म्हटलं. मग म्हणाला, "आज राहा ना घरात जरा. मी येतोच आहे संध्याकाळी." आणि फोन ठेवला. तिकडचं रडणारं मूल त्याला ऐकू येत होतं, कारण ते दुसऱ्याचं होतं.

मी घरभर येरझाऱ्या घालत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. इतक्यात आई म्हणाली, "ती माझ्या दारात पडली."

"कोण?"

"टकटक."

मी थांबले. आई दाराकडे बघत बोलत होती.

"आधी रोज यायची, चल म्हणायची. मी आतूनच सांगायचे, आज गुडघा दुखतोय, आज पाहुणे येणार आहेत. दार उघडत नाही असं कसं सांगणार? तीही हसायची ना गं या दाराला. मग ती चिडली. मला टाळतेस म्हणाली. बरेच दिवस आली नाही. एक दिवस भर दुपारी पुन्हा आली. भांडायलाच आली असणार. हाक मारली आणि तिसऱ्या शब्दाला तिची जीभ जड झाली. मला आवाजावरूनच कळलं. इतकी वर्षं वॉर्डात काढलीत मी. मग ती पडल्याचा आवाज आला."

दारात पत्रं टाकायची एक फट होती. आई गुडघ्यांवर बसली आणि तिने फट उघडून बाहेर बघितलं. काकू पायरीशी आडव्या पडल्या होत्या. आईने फोन करून इस्पितळाची गाडी बोलावली, पत्ता दिला, काय झालंय तेही सांगितलं. मग उठून मूठ ओढली. पुन्हा फटीशी बसली. पुन्हा ओढली. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही.

"तिचे डोळे उघडे होते. ती फटीकडेच बघत होती. मी सांगत होते, हलू नकोस, येतेच मी. येतेच, येतेच, म्हणत राहिले आणि गेले नाही. अनोळखी माणसांची डोकी मांडीवर घेऊन बसलेय मी आयुष्यभर. आणि हिच्यात नि माझ्यात एवढी एक फळी." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "गाडी आली, तिला घेऊन गेली. तिला काय वाटलं असेल? मी आतच बसून राहिले."

"दादाला सांगितलंस?"

"काय सांगू? की माझ्या घराचं दार मला उघडता येत नाही? मागे एकदा म्हटलं होतं, दार जड जातं रे. तर म्हणाला, मग कशाला जातेस बाहेर, काय हवं ते मला सांग."

आता माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. आमच्या पार्लरचं दार ज्याने बसवलं तो सुतार माझ्या ओळखीचा होता. त्याला फोन करून म्हटलं, हातातलं काम टाका आणि या, आम्ही कोंडलेल्या आहोत. तो आला. बाहेरून त्याने ढकलून बघितलं. आईने फटीतून सूचना दिल्या, "मूठ उचला, खांदा लावा, खाली लाथ मारा."

"बाई, हे दार आहे की भांडण?" सुतार म्हणाला. शेवटी त्याने पहार घातली. खालची फळी कडाडली आणि दार आत आलं. उजेड थेट आईच्या खुर्चीपर्यंत गेला.

त्याने दार वरून खाली न्याहाळलं, ठोकलं, बिजागरीत बोट घातलं. "लाकूड वरचं चांगलं आहे. तळ कापतो, नवी पट्टी मारतो, बिजागऱ्या बदलतो. दार बदलायची गरज नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठून पुढे आली. "मला ते एका बोटाने उघडता आलं पाहिजे. याचं तसं होईल?"

सुताराने तिच्या हातांकडे बघितलं. "एका बोटाने? नाही. हे मुळात भारी आहे."

"मग काढा."

इतकी वर्षं दार बदलायचं की नाही यावर घरात जेवढ्या चर्चा झाल्या, त्या सगळ्या पुरुषांनी लाकडाकडे बघून केल्या. उघडणाऱ्याच्या हाताकडे कोणी बघितलंच नव्हतं. सुताराने दार काढून भिंतीला टेकवलं, माप घेतलं आणि नवं आणायला गेला. चौकट रिकामी राहिली. आई त्या चौकटीत बराच वेळ उभी होती, पण तिने पाय बाहेर टाकला नाही.

दुपार कलली तसा दादा आला. सकाळच्या फोनने त्याला चैन पडलं नसावं, लवकरच आला. रिकामी चौकट बघून तो गल्लीतूनच ओरडला, "हे काय केलंत?"

"जे तू करायला हवं होतंस ते."

"मला न विचारता? बाबांनी बसवलेलं दार होतं ते!"

"बाबांनी आईला कोंडायला बसवलं होतं का? दिवसभर लोकांना लिफ्टमधून सोडवतोस, त्याचं घड्याळ मिरवतोस, आणि इथे स्वतःची आई..."

"तिने एकदा तरी सांगितलं का मला?"

"तिने सांगितलं! तू म्हणालास, कशाला जातेस बाहेर." मग मी त्याला काकूंचं सगळं सांगितलं. फट, पायरी, येतेच येतेच. सांगताना माझा आवाज इतका चढला होता की शेजारच्या खिडक्या उघडल्या. उघडू देत. त्यांची दारंही उघडत असतील, खिडक्या तर उघडणारच.

दादाचा चेहरा पांढरा पडला. "मला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "काकूंचं नव्हतं माहीत."

"आज घर राखत बस आता, नवं दार येईपर्यंत. तूच उभा राहा दाराच्या जागी."

आमचं हे चालू असताना आईने चप्पल घातली. ती आमच्या दोघांच्या मधून निघाली, पायरी उतरली आणि खालच्या फरशीवर एका जागी थांबली. काकू कुठे पडल्या होत्या ते मला विचारावं लागलं नाही. मग ती गल्ली ओलांडून समोर गेली. आम्ही भांडण तिथेच टाकून तिच्या मागे गेलो.

काकूंच्या सुनेने दार उघडलं. काकूंचा पलंग खिडकीशी लावला होता आणि खिडकीतून आमचं घर अगदी समोर दिसत होतं. म्हणजे इतके दिवस त्या आमच्या बंद दाराकडे बघत पडल्या होत्या. आईला बघून त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"टकटक," आई म्हणाली. काकूंनी मान हलवली नाही. "दार उघडत नव्हतं गं. मी ओढत होते."

काकूंच्या तोंडून एक आवाज आला. शब्द नव्हता, पण अर्थ लहान मुलालाही कळला असता. काहीही सांगू नकोस. स्वतःच्या घराचं दार उघडत नव्हतं, हे कोण खरं मानेल?

आई पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने मागे वळून दादाकडे बघितलं. "तू सांग तिला. माझ्या तोंडून तिला बहाणा वाटतो."

दादा दारातच घुटमळला. "काकू," तो म्हणाला, "दार खराबच होतं. आईला उघडत नव्हतं."

काकूंची मान तशीच भिंतीकडे.

"खरंच नव्हतं उघडत," दादा म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"की तिला उघडत नाही." तो फरशीकडे बघत होता. "मागे आई बाजारात पडली, तेव्हा मी एका लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकत होतो. फोन आला, आणि मला धड वर जाता येईना, ना खाली. त्यानंतर कामात लक्ष लागायचं नाही, सारखं वाटायचं आता कुठे पडली असेल. मग एक दिवस बघितलं, तिला दार ओढवत नाहीये. म्हटलं, बरंच झालं. आत आहे, सुखरूप आहे. दार दुरुस्त करणारा माणूस एकदा स्वतःहून आला होता. मी त्याला परत पाठवला."

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून दादा वाचला. त्याचा जीव तुटत होता हे मला दिसत होतं, ते खरंही होतं. पण मायेने कोंडलं म्हणून कोंडणं कमी होत नाही. वेंधळेपणा असता तर मी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. हा माणूस रोज सकाळी दार घट्ट ओढून घेत होता आणि निर्धास्त मनाने कामाला जात होता.

तेवढ्यात काकूंची मान हळूहळू वळली. त्यांनी आधी दादाकडे बघितलं, खूप वेळ. मग त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि त्यांनी आईचा अंगठा धरला, नेमका बुडाशी, सुजलेल्या गाठीवर. त्या तो चाचपत राहिल्या. आईचे खांदे खाली आले आणि आता कुठे तिचे डोळे भरले.

"आई, मला..." दादा पुढे आला.

"नव्या दाराच्या किल्ल्या आल्या की माझ्याकडे दे," आई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "सगळ्या."

"आणि मी?"

"बेल वाजव. मी घरात असले तर उघडेन."

दादा तसाच उभा राहिला. आई वाकली आणि दुसऱ्या हाताने काकूंची उशी सारखी करू लागली.